संसदेची मंजुरी म्हणजे नेमकं काय?

“यातलं एखादं नाही घेतलं तर चालेल का?”

औषधांच्या काउंटरमागे उभं राहून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की तो येणार हे मला आधीच कळतं. माणूस चिठ्ठीवर बोट फिरवतो, ओठातल्या ओठात मोजतो, मागे रांगेत कोण आहे ते बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो. गेल्या हिवाळ्यात असाच एक पंचविशीतला मुलगा आला होता. गोदामात रात्रपाळी करणारा, लहानपणापासून दम्याचा. चिठ्ठीवर तीन औषधं होती: रोज ओढायचा तपकिरी इनहेलर, धाप लागली की ओढायचा निळा, आणि छातीतल्या संसर्गाच्या गोळ्या. इंग्लंडमध्ये मे 2024 पासून एका औषधामागे 9.90 पौंड पडतात. तिन्हींचे मिळून 29.70. त्याने निळा घेतला, गोळ्या घेतल्या आणि तपकिरी परत सरकवला. तपकिरी नियमित घेतला तर निळ्याची वेळच फारशी येत नाही, हे मी त्याला समजावलं. 114.50 पौंडांत वर्षाचा पास निघतो, हेही सांगितलं. “पगार झाला की येतो,” म्हणाला. त्या महिन्यात तो आला नाही.

आमचं दुकान श्रॉपशरमधल्या एका गावात आहे. गाडी काढली की वीस मिनिटांत वेल्स लागतं. तिथल्या दवाखान्यात नाव असलेल्या माणसाला तिथल्या दुकानात हाच इनहेलर एकही पेनी न देता मिळतो. वेल्सने औषधांवरचं शुल्क 2007 मध्ये काढून टाकलं, उत्तर आयर्लंडने 2010 मध्ये आणि स्कॉटलंडने 2011 मध्ये. चौघांचीही आरोग्यसेवा एकाच दिवशी, 5 जुलै 1948 ला सुरू झाली. वचनही एकच होतं: श्रीमंत असो की गरीब, बाई असो की पुरुष की मूल, ही सेवा सगळ्यांची आहे आणि ती कुणावर केलेला उपकार नाही. घरोघरी वाटलेल्या पत्रकात तेव्हा तसं छापलं होतं.

इंग्लंडमध्येही शुल्क जावं असं मला मनापासून वाटतं. पण हा लेख त्यासाठी नाही. मला त्याच्याही आधीचा प्रश्न पडतो. सगळ्या देशाने मिळून दिलेलं वचन बदलायचं असेल, तर ते कुणी, कुठे आणि कुणासमोर बदलायचं?

ब्रिटनच्या या सरकारी आरोग्यसेवेला एनएचएस म्हणतात. तिच्या इंग्लंडमधल्या सनदेत सात तत्त्वं आहेत. त्यातलं दुसरं तत्त्व म्हणतं की सेवा मिळणं गरजेवर ठरेल, खिशावर नाही. त्याच तत्त्वात पुढे एक वाक्य आहे: एनएचएसची सेवा विनामूल्य आहे, अपवाद फक्त संसदेने मंजूर केलेल्या मोजक्या बाबींचा. ‘संसदेने मंजूर केलेल्या’ हे शब्द मी कितीदा तरी वाचलेत. वाचताना डोळ्यांसमोर भरलेलं सभागृह येतं, दोन बाजूंची भाषणं येतात, कोण कुठल्या बाजूने गेलं याची यादी येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा यातलं काहीच घडत नाही.

मूळ कायदा 1946 चा. अन्यूरिन बेव्हन या कोळशाच्या खाणीत काम केलेल्या आरोग्यमंत्र्याने तो आणला. त्यात साफ लिहिलं होतं, की सेवा विनामूल्य असेल आणि अपवाद हवा तर तो याच कायद्याच्या कलमात स्पष्ट दिलेला असला पाहिजे. म्हणजे नवीन शुल्क लावायचं तर कायद्याला हात घालायचा, विधेयक आणायचं, सभागृहाला सामोरं जायचं. आज लागू असलेल्या 2006 च्या कायद्यात त्या जागी वेगळे शब्द आहेत: कुठल्याही कायद्याने ‘किंवा कायद्याखाली’ स्पष्ट तरतूद केलेली असली म्हणजे पुरे. ‘कायद्याखाली’ म्हणजे मंत्र्याने काढलेल्या नियमांनी. सगळा फरक या एका शब्दात आहे. सामान्य वाचकाच्या नजरेला तो खटकतही नाही, कारण वाक्याची सुरुवात अजून तशीच आहे: सेवा विनामूल्य असेल.

हे नियम पटलावर ठेवण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एकीत दोन्ही सभागृहांनी होकार दिल्याशिवाय नियम लागू होत नाहीत. दुसरीत मंत्री सही करतो, नियम पटलावर ठेवतो आणि चाळीस दिवसांत कुठल्याही सभागृहाने ते रद्द केले नाहीत तर ते कायमचे झाले. औषधांच्या शुल्कातली वाढ या दुसऱ्या रीतीने होते. कागदोपत्री खासदाराला विरोधाचा ठराव मांडता येतो. पण त्यावर चर्चेला वेळ द्यायचा की नाही हे सरकारच्या हातात असतं. हाऊस ऑफ कॉमन्सने, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहाने, अशा रीतीने एखादा नियम शेवटचा रद्द केला तो 1979 मध्ये. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे वरच्या सभागृहाने, 2000 मध्ये. ज्या हक्काचा शेवटचा वापर होऊन इतकी वर्षं लोटली, त्यावर लोकांच्या आरोग्याची राखण सोपवणं मला धोक्याचं वाटतं.

हेच काम एकेकाळी कसं होत होतं, ते पाहण्यासारखं आहे. एप्रिल 1951. कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांवरचा खर्च वाढवायचा होता. मजूर पक्षाचे अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी अर्थसंकल्पात जाहीर केलं, की कवळ्या आणि चष्मे यांची अर्धी किंमत यापुढे रुग्णांनी द्यायची. सगळ्या एनएचएसच्या मानाने रक्कम किरकोळ होती. तरीही बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनीही राजीनामे दिले. बेव्हन यांनी सभागृहात उभं राहून स्वतःच्याच सरकारविरुद्ध बोलून दाखवलं. ते हरले, शुल्क लागू झालंच. पुढच्या वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने चिठ्ठीमागे एक शिलिंग लावलं. विल्सन पंतप्रधान झाल्यावर 1965 मध्ये ते निघालं आणि पैशाची ओढाताण झाल्यावर त्याच विल्सन यांच्या सरकारने 1968 मध्ये ते परत आणलं.

बेव्हन निष्कलंक होते असं मला म्हणायचं नाही. औषधांवर शुल्क लावण्याचा अधिकार देणारी 1949 ची दुरुस्ती त्यांच्याच काळात झाली. त्यांनी तो वापरला नाही इतकंच. पण 1951 मध्ये जे झालं ते उजेडात झालं. वचन मोडतंय हे मोडणाऱ्यांनाही माहीत होतं आणि लोकांनाही. कुणी मोडलं याची नोंद राहिली. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी माझ्यासारखी साताऱ्याहून आलेली बाई ती वाचू शकते.

1968 मध्ये शुल्क परत आणताना काही आजारांना सूट दिली गेली. मधुमेह, अपस्मार, थायरॉइड कमी असणं वगैरे. 2009 मध्ये त्यात कर्करोगाची भर पडली. बाकी ती यादी जवळपास जशीच्या तशी आहे. दमा तिच्यात नाही. माझ्या काउंटरवर एकामागोमाग दोन माणसं येतात. एकाला थायरॉइडची गोळी आहे म्हणून त्याची सगळी औषधं फुकट, अगदी गुडघ्याला चोळायचं मलमसुद्धा. दुसऱ्याला श्वास घेता येत नाही आणि तो इनहेलरचे पैसे मोजतो. असं का, म्हणून तो मला विचारतो तेव्हा माझ्याकडे वैद्यकीय उत्तर नसतं. रक्कम वाढवायची झाली की नियम निघतात; त्या निमित्ताने ही यादी सभागृहात ओळीने वाचावी आणि तिच्या बाजूने हात वर करावा, अशी वेळ खासदारांवर आली असती तर ती इतकी वर्षं टिकली असती असं मला वाटत नाही. ती टिकली, कारण तिच्याकडे कुणाला बघावंच लागलं नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे ‘सगळ्यांसाठी’ या शब्दाची. इंग्लंडमध्ये कायमचे राहत नसलेल्यांकडून रुग्णालयातल्या उपचारांचे पैसे घेणं 1982 मध्ये सुरू झालं. त्यात काही गैर नाही, असं इथल्या अनेकांचं मत आहे, आणि आमच्याकडे भारतातून पाहुणे येणार असले की आम्हीही आधी प्रवासविमा काढायला सांगतो. पण जुलै 2017 मध्ये, संसद उन्हाळी सुट्टीवर निघण्याच्या तोंडावर, नवे नियम पटलावर आले. उपचार तातडीचे नसतील तर रुग्ण पात्र आहे की नाही हे आधी तपासायचं, पात्र नसेल तर पैसे आधी घ्यायचे आणि मगच उपचार करायचे, असं रुग्णालयांवर बंधन आलं. ऑक्टोबरपासून ते लागू झालं. नियम तेच, ‘कोणी हरकत घेतली नाही तर लागू’ या रीतीचे.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांनी वाचलं. किशोरवयात जमैकाहून आलेला, लंडनमध्ये 44 वर्षं राहिलेला, कर भरलेला एक माणूस कर्करोगाच्या रेडिओथेरपीसाठी गेला. त्याच्याकडे कागद मागितले गेले. ते नव्हते. 54 हजार पौंड भरा, नाहीतर उपचार नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं. मार्च 2018 मध्ये विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी हा विषय पंतप्रधान थेरेसा मे यांच्यासमोर सभागृहात काढला, वर्तमानपत्रांनी लावून धरला, तेव्हा कुठे चक्रं फिरली. म्हणजे सभागृहात विषय निघाला आणि हालचाल झाली. मग तो निघायला एका माणसाचे उपचार अडावे का लागले? पटलावरचे नियम सभागृहात वाचले गेले असते, तर एखाद्या खासदाराने नक्की विचारलं असतं की ज्यांच्याकडे कागदच नाहीत अशा इथल्याच म्हाताऱ्या माणसांचं काय करणार. माझ्या मते संसदेच्या देखरेखीचं खरं मोल तिथेच आहे. नियम लागू होण्याआधी तो कुणावर कोसळणार आहे, हे विचारणारं कुणीतरी असतं.

तत्त्वांना संरक्षण नाही असं मात्र नाही. शल्यचिकित्सक आणि तेव्हाचे आरोग्य खात्यातले मंत्री लॉर्ड अरा दार्झी यांच्या अहवालानंतर जानेवारी 2009 मध्ये सनद आली आणि त्याच वर्षीच्या कायद्याने तिला बळ दिलं. दर दहा वर्षांत एकदा तरी तिचा आढावा घ्यायचा, लोकांशी सल्लामसलत करायची, आणि तत्त्वं बदलायची असतील तर मंत्र्याने नुसतं पुस्तक नव्याने छापून चालणार नाही, नियम काढून ते संसदेसमोर आणले पाहिजेत, अशी तरतूद आहे. ही चांगलीच गोष्ट झाली. पण कुलूप लावलंय ते तत्त्वाच्या वाक्याला. वाक्यातला एक शब्द बदलायचा तर सल्लामसलत, आढावा, नियम. आणि त्याच वाक्याचा अर्थ बदलायचा, म्हणजे कुणाला ‘सगळे’ म्हणायचं, कशाला ‘मोजक्या बाबी’ म्हणायचं, तर यातलं काहीच नाही. घराच्या पुढच्या दाराला तीन कुलपं आणि परसदार सताड उघडं.

परसदारावर कुणी उभं राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण फार जुनं नाही. तेव्हाचे आरोग्यमंत्री अँड्र्यू लॅन्स्ली यांनी 2011 मध्ये आणलेल्या विधेयकात आरोग्यमंत्र्याची जबाबदारीच पातळ होत होती. सेवेत काही बिघडलं तर संसदेला उत्तर कोण देणार, हा प्रश्न लॉर्ड्समध्ये महिनोन्महिने गाजला. सरकारला मध्येच विधेयक थांबवून लोकांचं ऐकून घ्यावं लागलं होतं. शेवटी 2012 चा कायदा झाला तेव्हा मंत्री संसदेला उत्तरदायी राहील हे त्यात लिहावं लागलं. त्या कायद्यातल्या बाकी अनेक गोष्टी मला पटत नाहीत. पण हे एक वाक्य चर्चेतून, भांडून मिळवलेलं आहे. त्यानंतर 2013 च्या सुरुवातीला खासगी कंपन्यांशी स्पर्धेबाबतचे नियम पटलावर आले. डॉक्टरांनी, खासदारांनी, लोकांनी ओरड केली, आणि सरकारला ते मागे घेऊन नव्याने लिहावे लागले. नव्या मसुद्यावर लॉर्ड्समध्ये रद्द करण्याचा ठराव आला, तो पडला. पण प्रश्न विचारला गेला, मतं मोजली गेली. त्या नियमांचा पायाच पुढे 2022 च्या कायद्याने काढून टाकला. तेव्हाच्या विरोधाची भाषणं नऊ वर्षांनी अनेकांना आपली वाटली.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बहुमत सरकारचं असतं, पक्षादेश निघतो, मग मतदान घेऊन काय मिळणार? मतदान घेतलं तरी निकाल तोच. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने मला हेच ऐकवलं. आकड्यांच्या हिशेबात ते बरोबर आहे. पण 1951 मध्येही निकाल सरकारच्याच बाजूने लागला होता. तरी त्या चर्चेने एक गोष्ट केली: कोण कुठल्या बाजूला होतं, याची नोंद मागे ठेवली. पक्षादेश पाळून मत देणाऱ्या खासदारालाही आठवड्याच्या शेवटी आपल्या मतदारसंघात जावं लागतं. तिथे “तू कुठल्या बाजूने होतास?” असं विचारता येणं आणि “तसं मतदानच झालं नाही हो” असं उत्तर मिळणं, यात फार अंतर आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. प्रत्येक बारीकसारीक नियमावर चर्चा करायची तर संसदेला दुसरं काही करता येणार नाही. हेही खरं. फॉर्मचा नमुना बदलला, एखाद्या संस्थेचं नाव बदललं, त्यासाठी साडेसहाशे माणसांनी बसायची गरज नाही. म्हणूनच मर्यादा आखायला हवी. माझी मागणी तीन प्रश्नांपुरती आहे. नियमामुळे नवीन शुल्क लागतंय का किंवा असलेलं वाढतंय का? सेवेतून कुणी बाहेर पडतंय का? आजवर मिळणारा एखादा उपचार मिळायचा बंद होतोय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर दोन्ही सभागृहांच्या स्पष्ट होकाराशिवाय तो नियम लागू होऊ नये. आणि मंत्र्याने सहीनिशी लिहून द्यावं, की हा नियम सनदेतल्या तत्त्वांना धरून आहे, आणि नसेल तर तो का हवा आहे. हे काही अघटित नाही. 1998 च्या मानवी हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी विधेयकाबरोबर मंत्र्याला असंच निवेदन द्यावं लागतं. परदेशातून राहायला येणाऱ्यांकडून व्हिसाबरोबर जो आरोग्य अधिभार घेतात, त्याच्या वाढीलाही दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. तो 2015 मध्ये वर्षाला 200 पौंड होता, फेब्रुवारी 2024 पासून 1035 आहे. रक्कम मला अन्यायाची वाटते, कारण नोकरीला लागल्यावर हीच माणसं कर भरतात, तो वेगळाच. पण निदान ती वाढवताना मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं. नांदेडहून इथे शिकायला येणाऱ्या मुलाच्या अधिभारासाठी जी रीत पाळता येते, ती दम्याच्या इनहेलरसाठी का पाळता येऊ नये?

हे सगळं परक्या देशाचं रामायण महाराष्ट्रातल्या वाचकाला कशाला, असं कुणाला वाटेल. 1946 मध्ये, ब्रिटिश संसद तो कायदा करत होती त्याच वर्षी, भारतात एक अहवाल प्रसिद्ध झाला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालातलं पहिल्या ओळीतलं तत्त्व. एकाच वर्षी दोन देशांत जवळजवळ एकच वाक्य लिहिलं गेलं. तिथे त्याचा कायदा झाला आणि आपल्याकडे तो अहवाल राहिला. पुढे आपल्याकडे आरोग्यधोरणं आली, 1983, 2002, 2017. शेवटच्या धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हा हक्क करण्याचा कायदा सुचवला होता. मार्च 2017 मध्ये मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केलं तेव्हा त्या जागी टप्प्याटप्प्याने हमी देण्याची भाषा आली. हक्काचं काय झालं, हे लोकप्रतिनिधींनी मत देऊन ठरवलेलं नाही.

आणि 15 ऑगस्ट 2023 ला महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं, तेव्हा माझ्या मावशीने आनंदाने फोन केला होता. मलाही फार बरं वाटलं. मी तिला विचारलं, कायदा केला का गं? “नाही, सरकारनं ठरवलं,” ती म्हणाली. सरकारने ठरवलेलं सरकार पुन्हा वेगळं ठरवू शकतं, एका कागदावर, एका दुपारी. तिच्यासाठी ते मोफतच राहावं असं मला वाटतं, म्हणूनच ते विधिमंडळात कायदा म्हणून यावं असंही वाटतं.

तपकिरी इनहेलर परत करून तो मुलगा गेला, त्या आठवड्यात मी इथल्या आमच्या खासदारांना पत्र लिहिलं. सूट असलेल्या आजारांच्या यादीबद्दल विचारलं, आणि या शुल्कावर तुम्ही शेवटचं मत कधी दिलंत तेही विचारलं. उत्तर सभ्य होतं. यादीबद्दल सहानुभूती होती, तिजोरीवरचा भार होता, आणि शुल्क संसदेने मंजूर केलेल्या नियमांनुसार आहे असंही होतं. मी परत लिहिलं. फक्त मतदानाची तारीख कळवा.